थडग्यातील भाला आणि इतिहासाचा हिशेब

इटलीतील तार्क्विनिया या प्राचीन इट्रुस्कन नगराजवळ २०१३ च्या सप्टेंबर महिन्यात तुरिन विद्यापीठाच्या संशोधकांनी एक अभंग थडगे उघडले. सुमारे सव्वीसशे वर्षे कोणाचाही हात न लागलेल्या त्या दालनात दोन दगडी मंच होते. एका मंचावर सांगाडा व त्याच्याजवळ भाला, दुसऱ्यावर दहनानंतर उरलेल्या अस्थी. भाला दिसताच निकाल लागला की हा योद्धा राजपुत्र, आणि पलीकडे आहे ती त्याची पत्नी. वृत्तपत्रांनी हा निकाल जगभर पोचविला. पुढे अस्थींची तपासणी झाली तेव्हा भालाधारी ‘राजपुत्र’ ही पस्तीस ते चाळीस वर्षे वयाची स्त्री असल्याचे आणि जिला पत्नी ठरविले होते तो पुरुष असल्याचे निष्पन्न झाले. आता यातील मौज पाहावी. भाला पुरुषाजवळ आहे असे वाटत होते तोवर तो त्याच्या पराक्रमाची खूण होता. तो स्त्रीजवळ आहे हे कळताच तो पतिपत्नींच्या ऐक्याचे प्रतीक ठरला. भाला तोच, मंच तोच, अस्थीही त्याच. बदलली ती केवळ अर्थ लावणाऱ्यांची सोय.

हा एकच प्रसंग असता तर उतावळेपणा म्हणून तो सोडून देता आला असता. परंतु या शास्त्रात अशा प्रसंगांची वाण नाही. फ्रान्समधील बर्गंडी प्रांतात व्हिक्स या गावी १९५३ च्या जानेवारीत रने जोफ्रुआ यांनी इ.स.पू. ५०० च्या सुमाराचे एक थडगे उघडले. त्यात ४८० ग्रॅम वजनाचे सोन्याचे कंठभूषण होते, चाके काढून भिंतीशी लावून ठेवलेला गाडा होता, आणि १.६४ मीटर उंचीचा, २०८ किलो वजनाचा, अकराशे लिटर पेय मावेल असा ग्रीक घडणीचा काशाचा रांजण होता. अस्थी स्त्रीच्या होत्या. तरीसुद्धा, इतकी संपत्ती आणि इतका मान स्त्रीच्या वाट्याला येणे संभवत नाही, सबब हा स्त्रीवेष धारण करणारा पुरुष पुरोहित असावा, असे पुढे काही पंडितांनी गंभीरपणे मांडले. स्पेनमध्ये सेव्हिलजवळ व्हालेन्सिना येथे २००८ मध्ये सापडलेल्या, पावणेपाच हजार वर्षांहून जुन्या थडग्यात हस्तिदंत व स्फटिकाचा खंजीर मिळाला. मृत व्यक्तीला अर्थातच तरुण पुरुष मानण्यात आले. २०२३ साली दातांच्या लुकणातील प्रथिनांची परीक्षा झाली आणि तो पुरुष स्त्री निघाला.

पुरुषी पूर्वग्रहाचा हा बुरखा ज्या अभ्यासकांनी फाडला, त्यांत स्त्रियांचा वाटा मोठा आहे, आणि त्यांचे ऋण आपण नि:संकोच मान्य केले पाहिजे. शस्त्र म्हणजे पुरुष आणि चाती म्हणजे स्त्री हे समीकरण शास्त्र म्हणून शंभरावर वर्षे खपले, हीच मुळात लाजिरवाणी गोष्ट आहे. तथापि या दुरुस्तीचे सध्या जे कौतुक चालले आहे, आणि आपल्या वर्तुळातील काही उत्साही मित्रही त्यात ज्या रीतीने सामील झाले आहेत, त्याबद्दल माझी तक्रार आहे. राजपुत्राच्या जागी राजकन्या आली. मग पुढे काय? ‘राज’ हे उपपद जिथल्या तिथेच राहिले. उद्या एखाद्या सहकारी साखर कारखान्याच्या अध्यक्षपदी स्त्री आली तर त्याचे स्वागतच करावे. परंतु तेवढ्याने ऊसतोडणीच्या फडात पहाटे तीनला उठणाऱ्या बाईचा ‘अर्धा कोयता’ पूर्ण होत नाही, हे आपल्या साथींना मी सांगायला नको. वर्तमानाविषयी जे आपल्याला पक्के ठाऊक असते ते अडीच हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यापाशी गेल्यावर आपण का विसरतो?

थडग्यातील वस्तूंवरून माणूस ओळखण्याची पद्धत दोन्ही बाजूंनी फसते, हेही लक्षात ठेवावे. चेर्वेतेरी येथे १८३६ साली रेगोलिनी नावाचा धर्मगुरू व गालास्सी नावाचा सेनानी यांनी मिळून जे थडगे उघडले ते आजही त्या दोघांच्याच नावाने ओळखले जाते (आत झोपलेल्यांच्या नावाने नव्हे, शोधणाऱ्यांच्या, खोदणाऱ्यांच्या तर नव्हेच). इ.स.पू. ६५० च्या सुमाराच्या त्या थडग्यातील सुवर्णभांडार व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. आतल्या दालनातील सोन्यावरून तेथे स्त्री पुरलेली असावी असे ठरले, आणि चांदीच्या भांड्यांवर ‘मी लार्थिआ’ अशी अक्षरे दिसल्यावरून तिचे नाव लार्थिआ असल्याचेही जाहीर झाले. पुढे इट्रुस्कन व्याकरण थोडे उमगू लागले तेव्हा अनेक भाषाभ्यासकांनी दाखविले की ‘लार्थिआ’ ही ‘लार्थ’ या पुरुषनामाची षष्ठी आहे. भांडे म्हणते आहे, ‘मी लार्थचे’. एका विभक्तिप्रत्ययातून राजकन्या जन्माला आली होती! आणि त्या भांड्याला जे सांगायचे होते ते मात्र या सगळ्या वादात कोणीच नीट ऐकले नाही. ते सांगत होते की माझा कोणी मालक आहे. मालकी हीच त्या लेखाची पहिली आणि शेवटची बातमी आहे.

आता आपल्या घरातल्या भांडणाकडे वळतो. इट्रुस्कन स्त्रिया पुरुषांबरोबर पंक्तीला बसत, भित्तिचित्रांत आणि शवपेट्यांवर त्या पतीच्या शेजारी रेलून बसलेल्या दिसतात, शिलालेखांत पुष्कळदा पित्याबरोबर आईचेही नाव दिलेले असते. ग्रीकांना हे सहन होत नसे. थिओपॉम्पसने तर या स्त्रियांविषयी गलिच्छ कथा लिहून ठेवल्या. या साऱ्यावरून बाखोफेनने १८७० मध्ये तानाक्विल राणीच्या आख्यायिकेवर ग्रंथ रचला, आणि त्याच बाखोफेनच्या १८६१ च्या ‘मातृसत्ता’विषयक ग्रंथावर एंगल्सने १८८४ मध्ये आपल्या कुटुंबसंस्थेच्या विवेचनात भर दिला. तेव्हापासून आपल्या अभ्यासवर्गांतून एक सोपा तक्ता फिरतो आहे. आधी मातृसत्ता, तिच्यात समता. मग खाजगी मालमत्ता, मग पितृसत्ता आणि वर्ग. अलीकडच्या जनुकीय संशोधनाने या तक्त्याला नवा जोर आल्याचे काही मित्र मानतात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दक्षिण जर्मनीतील हॉखडॉर्फ आणि ग्राफेनब्यूल या दोन श्रीमंत केल्टिक थडग्यांतले पुरुष एकमेकांचे बहुधा मामा-भाचे होते असे दिसून आले. २०२५ च्या जानेवारीत इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यातल्या रोमपूर्व काळातील दफनभूमीचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पुरलेल्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक माणसे एकाच मातृवंशातील निघाली. म्हणजे मुली माहेरीच राहत, आणि परगावाहून येत ते जावई.

डॉर्सेटच्या निष्कर्षाचे मोल मी कमी लेखत नाही. तेथे साध्या शेतकरी वस्तीतील माणसांचीही परीक्षा झाली, हे विशेष. पण हॉखडॉर्फवरून मातृसत्तेचा जयजयकार करणाऱ्यांनी क्षणभर थांबावे. मामाकडून भाच्याकडे गेले ते काय? गाडे, सोने आणि हुकमत. मातृवंश ही वारसा ठरविण्याची एक रीत आहे. वारसा ठरविण्याची गरज ज्या समाजाला इतक्या काटेकोरपणे भासते, त्या समाजात वारशाने मिळण्याजोगे काहीतरी थोड्यांच्या हाती साठलेले असते. आईच्या नावाने चालणारे घराणेही घराणेच असते. हॉखडॉर्फच्या थडग्यातील मृत सरदार ज्या काशाच्या लांब बैठकीवर निजविला होता, ती बैठक आठ धातूच्या स्त्रीमूर्तींनी हातांवर तोलून धरली आहे, आणि त्या आठही जणींच्या पायांखाली चाके आहेत. सरकवावे तिकडे सरकणाऱ्या या स्त्रियांना मातृसत्तेच्या यादीत कोठे बसवावयाचे, हे तक्तावाल्यांनीच सांगावे.

अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने हॉखडॉर्फचा विचार मी निराळ्या बाजूने करतो. १९७८-७९ मध्ये योर्ग बील यांनी उत्खनन केलेल्या या थडग्यावरील मातीचा उंचवटा मुळात सुमारे साठ मीटर व्यासाचा आणि सहा मीटर उंचीचा होता. रोजगार हमीच्या कामावर चौकड्यांची मोजणी ज्या साथींनी स्वत: केली आहे त्यांना यापुढचा हिशेब कळायला वेळ लागणार नाही. आकार सरळ शंकूचा धरला तर साडेपाच हजारांहून अधिक, आणि घुमटाचा धरला तर सुमारे साडेआठ हजार घनमीटर माती झाली. लाकडी फावडे आणि टोपली घेऊन एका माणसाने खणणे, वाहणे व रचणे धरून दिवसाला दोन घनमीटर काम उरकले असे सढळपणे मानले, तरी २,८०० ते ४,३०० मनुष्यदिवस नुसत्या मातीकामाचे होतात. चाळीस माणसे सत्तर ते शंभर दिवस. ओकाच्या लाकडाचे दालन, त्यावर रचलेले दगड, सोनाराची मजुरी, गाड्याचे लोहारकाम, पाचशे लिटरच्या कढईतील मधाची दारू हे सर्व वेगळे. आणि या चाळिसांना त्या दिवसांत कोणीतरी खाऊ घातले पाहिजे. म्हणजे ज्यांनी माती वाहिली नाही त्यांनी धान्य दिले.

सांगावयाचे ते हे की थडग्यातील सामग्री ही खर्चाची वही आहे, जमेची नव्हे. ती वाचून आपल्याला कळते की वरकड उत्पादन कोणी उधळले. ते कोठून आले, कोणाच्या पाठीवरून आले, हे त्या वहीत लिहिलेले नसते. एखाद्या जमीनदाराच्या घरच्या लग्नातील पंक्तीचा हिशेब पाहून त्या तालुक्याच्या दरडोई उत्पन्नाविषयी कोणी लिहू लागले तर त्याला आपण परीक्षेत नापास करू. प्राचीन समाजाच्या बाबतीत मात्र याच पद्धतीने ‘इट्रुस्कनांचे ऐश्वर्य’, ‘केल्टांचे वैभव’ असे सचित्र ग्रंथ निघतात.

या संदर्भात गॉर्डन चाइल्डची आठवण करणे अगत्याचे आहे. आपल्यातील जुन्या वाचकांना तो परिचित आहे. १९४५ साली लिहिलेल्या एका निबंधात त्याने, समाज स्थिरावत जातो तसतशी थडग्यातील सामग्री श्रीमंत न होता रोडावत जाते असे दाखविले. अवाढव्य राजेशाही थडगी उभी राहतात ती सत्ता नवी व अस्थिर असताना, बाहेरच्या संपत्तीचा ओघ एकाएकी सुरू झाला असताना. मला हा विचार फार मोलाचा वाटतो. रेगोलिनी-गालास्सी थडग्याचा काळ हा इट्रुरियाच्या धातूला पूर्वेकडची बाजारपेठ मिळाल्याचा काळ होता, आणि व्हिक्स व हॉखडॉर्फ ही भूमध्य सागरी व्यापाराच्या उत्तर टोकाची ठाणी होती. नव्याने वर आलेल्यांना आपला हक्क लोकांच्या गळी उतरवावयाचा होता. आणि तो अजून उतरला नव्हता म्हणूनच एवढा अकराशे लिटरचा रांजण जमिनीत गाडावा लागला. ज्याची गादी पक्की असते त्याला बापाच्या चितेवर एवढा खर्च करावा लागत नाही. तेव्हा थडगे म्हणजे समाजाचा आरसा हे गृहीतच सोडून दिले पाहिजे. ते एका पक्षाचे कैफियतपत्र आहे, आणि दुसऱ्या पक्षाला त्या दरबारात उभेच केलेले नाही.

दुसऱ्या पक्षाचा पुरावा नष्ट कसा होतो याचे एक उदाहरण तर असे आहे की ते अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात घालावे. नेपोलियनचा भाऊ लुसिएं बोनापार्त याच्या जहागिरीत, व्हुल्ची येथे, १८२८ पासून थडगी उकरून ग्रीक चित्रांकित कुंभ युरोपभर विकण्याचा धंदा जोरात चालू झाला. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने तो पुढे चालविला. जॉर्ज डेनिस या इंग्रज प्रवाशाने तेथील खोदकाम स्वत: पाहिले आणि १८४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. बंदूकधारी मुकादम मजुरांवर पहारा करीत बसलेला, आणि जे भांडे साधे, चित्राविना निघेल ते त्याच्या आज्ञेवरून तेथल्या तेथे पायांखाली चिरडले जाई. डेनिसने एखादे तरी वाचवू द्या म्हणून विनवणी केली, तीही व्यर्थ गेली. कारण सरळ होते: स्वस्त माल बाजारात आला तर किंमत पडेल. भाव टिकविण्यासाठी संत्री समुद्रात टाकणारे आणि कॉफी जाळणारे भांडवलशहा आपल्याला माहीत आहेत. गरिबाचे मातीचे भांडे भावासाठी फोडणारेही होते, हे त्यात जोडून घ्यावे. आज युरोपातील मोठ्या संग्रहालयांच्या कपाटांतून जे ‘इट्रुस्कन जीवन’ दिसते, ते या मुकादमाने निवडून दिलेले आहे. पुढेही प्रकार थांबला नाही. चेर्वेतेरीजवळ १९७१ मध्ये चोरून उकरलेला युफ्रोनिओसचा कुंभ न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९७२ मध्ये दहा लाख डॉलरला घेतला, आणि २००८ साली तो इटलीला परत द्यावा लागला. शिक्षा झाल्या, भाषणे झाली. परंतु ज्या भाड्याच्या हातांनी रात्री खोदले त्यांना त्या दहा लाखांतील कितवा हिस्सा मिळतो, हा प्रश्न कलासमीक्षकांना पडत नाही.

पोपुलोनियाची गोष्ट याहून बोलकी आहे. तोस्काना किनाऱ्यावरील या इट्रुस्कन नगरात समोरच्या एल्बा बेटावरचे लोहखनिज आणून वितळविले जाई. बाराती आखाताच्या काठाशी सरदारांची थडगी होती. त्यातील सर्वांत मोठ्या, अठ्ठावीस मीटर व्यासाच्या थडग्यात रथ पुरले होते. पुढे भट्ट्या वाढत गेल्या आणि त्यांची धातुमळी या थडग्यांवरच ओतली गेली, इतकी की सरदारांची दफनभूमी कित्येक मीटर जाडीच्या मळीखाली दिसेनाशी झाली. विसाव्या शतकात महायुद्धांच्या काळात लोखंडाची टंचाई पडली, तेव्हा त्या मळीत अजून लोह शिल्लक आहे हे कारखानदारांच्या ध्यानात आले. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या मजुरांच्या श्रमाचा गाळ पुन्हा यंत्रांनी उचलून वितळविण्यात आला, आणि त्याच्या तळाशी रथांची थडगी पुन्हा उघडी पडली. त्या रथांची छायाचित्रे सर्वत्र छापली गेली आहेत. मळीचे छायाचित्र कोणी फारसे छापीत नाही, आणि माझ्या मते त्या स्थळावरचा मुख्य ऐतिहासिक पुरावा ती मळीच होती.

त्याच बाराती आखाताच्या वाळूत २०१६ साली एका तरुण पुरुषाचा सांगाडा सापडला. काळ इ.स.पू. पाचव्या शतकाच्या आसपासचा मानला जातो. दालन नाही, मंच नाही. दोन्ही घोट्यांभोवती लोखंडाची कडी, आणि मानेलाही जखडल्याच्या खुणा. बेड्या तशाच ठेवून त्याला पुरले. तो दास होता, कैदी होता की गुन्हेगार, हे ठरविण्याची मला घाई नाही. भाल्यावरून राजपुत्र ठरविणाऱ्यांची घाई आपण वर पाहिलीच. पण थडग्यातील वस्तू हा शब्द वापरावयाचा असेल तर तो त्या बेड्यांनाही लावला पाहिजे. सोन्याच्या कंठभूषणाप्रमाणे त्याही मृताच्या देहावर दुसऱ्या कोणीतरी मुद्दाम राहू दिलेल्या आहेत, आणि त्या समाजातील त्याच्या स्थानाविषयी कंठभूषणाइतकेच स्पष्ट बोलतात.

यावर अभ्यासू मित्र म्हणतील की सर्वच इट्रुस्कन थडगी काही अशी विषम नव्हती, आणि ते खरे आहे. ओर्व्हिएतोच्या खडकाखाली क्रोचिफिस्सो देल तुफो नावाची दफनभूमी आहे. इ.स.पू. सहाव्या शतकाच्या मध्यापासून तेथे सरळ गल्ल्या आखून, मऊ ज्वालामुखी दगडाच्या चिऱ्यांची, जवळजवळ एकाच मापाची थडगी ओळीने बांधली गेली. दारावरच्या आडव्या दगडावर मालकाचे व घराण्याचे नाव. चाळीतल्या खोल्यांवरील पाट्याच जणू! नावांत परक्या वंशाचीही नावे आढळतात. कातासिना हे केल्टिक मुळाचे समजले जाते. येथे समान नागरिकांचे नगर होते, सरदारांचे वर्चस्व मोडले होते, असे काही विद्वान यावरून म्हणतात. मी त्यातले अर्धे स्वीकारतो. थडग्याचे माप कोणी ठरवून दिले असेल, तर अवास्तव उधळपट्टीला त्या नगराने आळा घातला होता, आणि ही सामान्य गोष्ट नव्हे. पण ज्यांच्या नावाची पाटी लागली त्यांच्यातली ती समता होती. ज्यांनी तो दगड कापला त्यांच्या पाट्या कोणत्या गल्लीत आहेत? इयन मॉरिस यांनी १९८७ मध्ये अथेन्सच्या दफनांविषयी दाखवून दिलेच आहे की विधिपूर्वक पुरले जाण्याचा हक्क हाच कित्येक काळ एका वर्गापुरता राखीव असतो. दफनभूमीत दिसणारी समता ही प्रवेश मिळालेल्यांची समता असू शकते.

आणि याच ओर्व्हिएतोच्या परिसरात, चौथ्या शतकातील एका थडग्यात, एरवी अदृश्य राहणारी माणसे एकदाच भिंतीवर आली आहेत. १८६३ मध्ये दोमेनिको गोलिनी यांना सापडलेले हे थडगे लेइनिए नावाच्या घराण्याचे. एका बाजूला पाताळाच्या देवदंपतीच्या उपस्थितीत घराण्यातील पूर्वजांची मेजवानी चालू आहे. दुसऱ्या बाजूला आहे मुदपाकखाना. टांगलेला बैल, खांडोळी करणारा माणूस, खलात काहीतरी मळणारा माणूस, फळे व खाद्यपदार्थ मांडणारे नोकर, आणि त्या सर्वांमध्ये बासरीसारखे जोडवाद्य वाजविणारा एकजण. इट्रुस्कन लोक पीठ मळताना आणि गुलामांना फटके मारतानाही बासरी वाजवितात, असे ग्रीकांनी लिहून ठेवले होते. कामाला लय यावी म्हणून वाद्य लावण्याची ही युक्ती पुढे कारखान्यांतूनही वापरली गेली, तेव्हा तीत नवल नाही. नवल आहे ते असे की या चाकरांच्या डोक्यांशी अक्षरे लिहिलेली आहेत. ‘पाझु’, ‘तेसिन्थ’, ‘क्लुमिए’. त्यांतील काही शब्द नावे, काही कामांच्या संज्ञा असाव्यात, वाद आहे. धन्याला परलोकातही ओळखीचे हात हवे होते म्हणून ती लिहिली गेली असतील. कारण काही असो, संपूर्ण इट्रुस्कन चित्रकलेत मला या स्वयंपाकघराइतके दुसरे काही महत्त्वाचे वाटत नाही. दालनभर सोने असलेल्या थडग्यापेक्षा येथे इट्रुरियाचा अर्थव्यवहार अधिक दिसतो: एका भिंतीवर खाणारे, दुसऱ्या भिंतीवर रांधणारे, आणि दोहोंना एकाच छताखाली बांधणारी मालकी.

ओर्व्हिएतो म्हणजेच प्राचीन वोल्सिनिई, हे आता बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. भिंतीवरच्या त्या आचाऱ्यांनंतर तीन-चार पिढ्यांनी त्या नगरात काय घडले ते रोमन ग्रंथकारांनी सांगितले आहे. दास आणि दास्यमुक्त यांनी नगराची सत्ता हाती घेतली. त्यांनी कायदे केले, मालमत्तेचे वारसे बदलले, धन्यांच्या मुलींशी लग्ने लावली. वालेरिउस माक्सिमुस हे सर्व अब्रूवर घाला म्हणून सांगतो, आणि थिओपॉम्पसप्रमाणेच त्याचीही लेखणी स्त्रियांच्या शीलापाशी येऊन घुटमळते. मालकवर्गाला मालमत्ता गेल्याचे दु:ख नेहमी स्त्रियांच्या नावाने सांगावेसे वाटते. हे सर्व वृत्तांत धन्यांच्या बाजूचे आणि बरेच उशिरा लिहिलेले आहेत, हे धरूनच ते वाचावेत. पण मूळ घटनेविषयी ते सहमत आहेत. जुन्या सरदारांनी गुप्तपणे रोमकडे मदत मागितली. इ.स.पू. २६५ मध्ये वेढा पडला, त्यात रोमन कॉन्सल क्विंतुस फाबिउस गुर्गेस मारला गेला. पुढल्या वर्षी मार्कुस फुल्विउस फ्लाकुसने नगर घेतले. बंडखोरांना ठार केले, धन्यांना त्यांचे हक्क परत दिले, आणि नगर मात्र उद्ध्वस्त करून उरलेल्यांना बोल्सेनाच्या सरोवराकाठी नेऊन वसविले. ज्यांनी साम्राज्याला घरात बोलावले त्यांना हक्क मिळाले, घर मिळाले नाही.

या लुटीत दोन हजार पुतळे रोमला गेले, असे एका ग्रीक लेखकाच्या हवाल्याने प्लिनी सांगतो. कलेच्या इतिहासाच्या पुस्तकांत वोल्सिनिईचा उल्लेख येतो तो बहुधा या पुतळ्यांच्या संख्येसाठी. रोममधील सान्त ओमोबोनो येथे सापडलेल्या एका चौथऱ्याच्या दगडांवर वोल्सिनिई जिंकल्याबद्दल फ्लाकुसने कोरविलेला लेख आजही वाचता येतो. बंड करणाऱ्यांपैकी मात्र एकाचेही नाव त्या ग्रंथकारांनी दिलेले नाही. त्या नगरातील चाकरांच्या म्हणून जी नावे आपल्यापर्यंत आली आहेत ती लेइनिए घराण्याच्या थडग्यातील स्वयंपाकघराच्या भिंतीवरचीच. ती चित्रे भिंतीवरून उतरवून घेतलेली असून ओर्व्हिएतोच्या संग्रहालयात पाहावयास मिळतात.